शिंपी, राजबंदी आणि नट : ए. के. हंगल यांची कारकीर्द

(कामगार अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चित्रपटाचा विषय निघाला की चर्चा नायक-नायिकेपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. पडद्यावर कथा उभी राहते ती मात्र या दोघांच्या भोवती वावरणाऱ्या माणसांमुळे. बाप, मास्तर, कारकून, पुढारी, नोकर, मौलवी ही माणसे खरी वाटली तरच नायकाचे दुःख खरे वाटते. ही माणसे उभी करणाऱ्या नटाला हिंदी चित्रपटसृष्टीत ‘चरित्र अभिनेता’ म्हणतात. शब्द भारदस्त आहे. पण ज्याला हा शब्द लावला जातो त्याचे नाव जाहिरातीत शेवटी येते, त्याचे मानधन नायकाच्या मानधनाच्या अल्पांशाइतके असते आणि म्हातारपणी त्याची जबाबदारी कोणाचीच नसते. अवतार किशन हंगल हे अशा नटांपैकी एक. त्यांची कारकीर्द तपासली तर एका भल्या कलावंताची ओळख होतेच. त्याशिवाय चित्रपटाच्या धंद्यातील श्रमसंबंध आणि आपल्या सार्वजनिक जीवनाचे आरोग्य या दोन्हींचे दर्शन घडते. म्हणून आजचा हा विषय.

हंगल यांचा जन्म सियालकोटचा आणि घराणे काश्मिरी पंडितांचे. बालपण व तारुण्य गेले ते पेशावरला. त्या काळचे पेशावर म्हणजे खान अब्दुल गफार खान आणि त्यांच्या खुदाई खिदमतगारांचे पेशावर. २३ एप्रिल १९३० रोजी तेथील किस्साख्वानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला आणि गढवाली पलटणीतील शिपायांनी आपल्याच देशबांधवांवर बंदूक चालविण्यास नकार दिला. हंगल तेव्हा शाळकरी वयाचे होते. पठाण आणि पंडित, मुसलमान आणि हिंदू एका लढ्यात उभे असलेले ज्याने कोवळ्या वयात पाहिले, त्याच्या मनात धर्माच्या नावाने माणसे तोडण्याच्या राजकारणाला पुढे थारा मिळाला नाही, यात नवल नाही. १९३६ च्या सुमारास ते पेशावरच्या हौशी रंगभूमीवर काम करू लागले. राजकारण आणि नाटक ही दोन्ही व्यसने त्यांना एकाच गावाने लावली.

घरची परंपरा सरकारी नोकरीची होती. ब्रिटिशांची चाकरी मात्र त्यांना करावयाची नव्हती. त्यांनी शिवणकाम शिकून घेतले आणि ते शिंपी झाले. पांढरपेशा घरातील मुलाने कात्री आणि सुई हाती धरावी, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. मनगटावर विसंबून राहणाऱ्या माणसाला कोणाची हुजरेगिरी करावी लागत नाही, हा लाभ त्यांना जन्मभर पुरला. पुढे कुटुंब कराचीला गेले. तेथे हंगल कम्युनिस्ट पक्षाचे काम करू लागले. फाळणी झाली, लक्षावधी माणसे सीमा ओलांडून पळाली. हंगल मात्र आपल्या सहकाऱ्यांसह कराचीतच राहिले. नव्या राष्ट्राने त्याची किंमत वसूल केली. १९४७ ते १९४९ या काळात त्यांना तेथे तुरुंगवास भोगावा लागला. सुटकेनंतर, १९४९ साली, ते मुंबईस आले. या शहरात त्यांच्यापाशी दोनच गोष्टी होत्या : शिवणाचे कसब आणि नाटकाची ओढ.

मुंबईने त्यांना दोन्हींसाठी जागा दिली. पोटासाठी कपडे बेतणे आणि संध्याकाळी तालीम, असा त्यांचा दिनक्रम झाला. भारतीय जननाट्य संघ, म्हणजे ‘इप्टा’, ही संस्था १९४३ साली याच शहरात स्थापन झाली होती. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या शाहिरीने गिरणगाव पेटत होता, तेही याच चळवळीचे एक अंग. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस पक्षाच्या धोरणातील उलथापालथींमुळे इप्टाची वीण उसवली होती. बलराज साहनी, कैफी आझमी यांच्यासमवेत तिचे मुंबईतील काम पुन्हा उभे करणाऱ्यांत हंगल होते. त्यांनी नाटके बसविली, भूमिका केल्या, तालमींना वेळेवर हजर राहिले. संस्थेचे हे नीरस काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. मृत्यूच्या वेळीही ते इप्टाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते.

चित्रपटात ते आले ते पन्नाशीच्या आसपास. ज्या वयात इतर नट निवृत्तीचा विचार करतात, त्या वयात त्यांनी कॅमेऱ्यापुढे पहिले पाऊल टाकले. बासू भट्टाचार्य यांनी फणीश्वरनाथ रेणूंच्या कथेवरून काढलेला ‘तीसरी कसम’ १९६६ साली प्रदर्शित झाला. त्यात हंगल यांना मिळालेली भूमिका लहान होती आणि संकलनात ती आणखी आक्रसली. त्यानंतर मात्र पस्तीस-चाळीस वर्षांत त्यांनी दोनशेहून अधिक चित्रपटांत काम केले.

हे कसे घडले, याचे उत्तर सत्तरच्या दशकातील मध्यमवर्गीय चित्रपटात आहे. हृषीकेश मुखर्जी, गुलजार, बासू चटर्जी यांनी हवेल्या आणि जमीनदार बाजूला सारून चाळीतील, वाड्यातील, दोन खोल्यांतील कुटुंबे पडद्यावर आणली. या कुटुंबांना बाप हवा होता. तो गरजणारा जमीनदार असून चालणार नव्हते. पेन्शनीत काटकसर करणारा, मुलीच्या लग्नाची चिंता वाहणारा, चारचौघांत आवाज न चढविणारा असा बाप हवा होता. ‘गुड्डी’ (१९७१), ‘अभिमान’ (१९७३), ‘कोरा कागज’ (१९७४) आणि ‘चितचोर’ (१९७६) यांतील नायिकांचे वडील हंगल आहेत. ‘बावर्ची’ (१९७२) मधील रामनाथ हा थोरला मुलगा कचेरीत मान मोडून काम करणारा आणि संध्याकाळी गुपचूप ग्लास भरणारा कारकून आहे. हा माणूस प्रेक्षकांनी आपल्या घरात पाहिलेला होता. शिंप्याच्या दुकानात वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांची मापे घेतलेल्या नटाला कारकुनाचे वाकलेले खांदे नव्याने शिकावे लागले नाहीत.

तथापि ‘गरीब बिचारा बाप’ एवढ्यावर त्यांची संभावना करणे अन्यायाचे होईल. त्यांच्या चार भूमिका स्वतंत्रपणे पाहिल्या पाहिजेत.

पहिली ‘नमकहराम’ (१९७३) मधील. हंगल येथे बिपिनलाल पांडे या कामगार पुढाऱ्याच्या भूमिकेत आहेत. मालकाचा मुलगा विकी याला त्यांची क्षमा मागावी लागते आणि तो अपमान त्याच्या जिव्हारी लागतो. त्याचा मित्र सोमू कामगार बनून गिरणीत शिरतो, झटपट सवलती मिळवून देऊन लोकप्रिय होतो आणि बिपिनलाल यांना युनियनच्या निवडणुकीत पाडतो. ज्या सवलतींनी हे घडले त्या मालकाच्याच खिशातून आलेल्या असतात. हिंदी चित्रपटातील कामगार पुढारी बहुधा लबाड किंवा विदूषक असतो. हंगल यांचा पुढारी पराभूत होतो, पण त्रागा करीत नाही. आपल्याला पाडणाऱ्या तरुणाकडे ते ज्या शांतपणे पाहतात, त्यात संघटनेचे काम किती सावकाश, किती जिकिरीचे आणि किती सहज मोडता येण्यासारखे असते याची पुरती जाण दिसते. ही जाण दिग्दर्शकाला शिकवावी लागली नसणार.

दुसरी ‘गर्म हवा’ मधील. इस्मत चुगताई यांच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी पटकथा लिहिली व एम. एस. सथ्यू यांनी चित्रपट दिग्दर्शित केला. फाळणीनंतर आग्र्यातच राहू इच्छिणाऱ्या सलीम मिर्झाची ही कहाणी. मिर्झा झालेले बलराज साहनी एप्रिल १९७३ मध्ये, चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच निधन पावले. हंगल यांची भूमिका आहे अजमानी या सिंधी निर्वासित व्यापाऱ्याची. कराचीत सर्वस्व सोडून आलेला हा हिंदू, आग्र्यातील मुसलमानाची व्यथा समजू शकतो, कारण उखडले जाणे म्हणजे काय हे त्याने सोसलेले आहे. सूडाची भाषा त्याला सहज बोलता आली असती; तो ती बोलत नाही. कराचीच्या तुरुंगातून मुंबईला आलेल्या माणसाने ही भूमिका केली, हे ठाऊक असेल तर अजमानींच्या प्रत्येक वाक्याला वेगळे वजन येते.

तिसरी ‘दीवार’ (१९७५) मधील, आणि ती केवळ एका प्रसंगाची. पोलीस अधिकारी रवीने पळणाऱ्या चोरावर गोळी झाडलेली आहे. तो निघतो एक उपाशी पोरगा, पावासाठी चोरी करणारा. पश्चात्तापाने रवी त्याच्या घरी अन्न घेऊन जातो. मुलाची आई त्याला शिव्याशाप देते. वडील, निवृत्त शिक्षक, तिला थांबवितात आणि भुकेने चोरी समर्थनीय ठरत नाही, असे स्वतःच्या मुलाच्या बाबतीत सांगतात. या वाक्याशी मतभेद असू शकतो. भुकेल्यावर बंदूक चालविणाऱ्या व्यवस्थेला एवढ्या सहज माफी द्यावी काय, हा प्रश्न समाजवाद्यांनी विचारलाच पाहिजे. परंतु कथेची सारी नैतिक कलाटणी या काही मिनिटांवर उभी आहे. येथून परतलेला रवी आपल्या भावाविरुद्धचा तपास स्वीकारतो. नायकांच्या संघर्षाला पाया पुरविण्याचे काम त्या चित्रपटात एका दुय्यम नटाने केले आहे.

चौथी भूमिका सर्वांना ठाऊक आहे. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी, आणीबाणी लागून पुरते दोन महिनेही झाले नसताना, प्रदर्शित झाला. त्यातील अंध इमामसाहेब पडद्यावर मोजकाच वेळ दिसतात. एकुलत्या एका मुलाचे, अहमदचे, प्रेत घोड्यावरून गावात येते. सारे गाव गप्प होते आणि आंधळा बाप त्या शांततेचे कारण विचारीत पुढे सरकतो. अहमद झाला होता आपला मराठी मुलगा सचिन. भेदरलेले गावकरी जय आणि वीरू यांना दरोडेखोरांच्या हवाली करावे म्हणत असतात, तेव्हा ज्याचे सर्वस्व गेले तो म्हातारा त्यांना लाज वाटेल असे बोलतो : गावासाठी बळी द्यायला आणखी मुले का दिली नाहीत, असे आपण देवाला विचारू. आणि अजान ऐकताच तो मशिदीकडे वळतो. सारा गाव हिंदू, मुसलमान कुटुंब एखादेच. पण गावाची सदसद्विवेकबुद्धी त्या कुटुंबाकडे आहे. बाजारपेठेसाठी काढलेल्या चित्रपटात एवढा मोठा विचार इतक्या साधेपणाने आला, याचे श्रेय लेखकांना आहेच. तो पोकळ उपदेश वाटला नाही, याचे श्रेय हंगल यांना आहे.

एकाच १९७५ साली ‘दीवार’, ‘आँधी’ आणि ‘शोले’ या तिन्हींत ते होते. धंद्याने मात्र या यशातून नेहमीचाच धडा घेतला आणि तीच भूमिका पुन्हा पुन्हा त्यांच्या पदरात टाकली. दुबळा म्हातारा, हात जोडणारा बाप, अन्यायाचा पहिला बळी, असा एक साचा तयार झाला आणि लेखकांनी विचार करण्याचे श्रम वाचविले. साच्याबाहेर पडण्याची संधी मिळाली तेव्हा त्यांनी ती दवडली नाही. बासू चटर्जींच्या ‘शौकीन’ (१९८२) मध्ये अशोककुमार आणि उत्पल दत्त यांच्या बरोबरीने त्यांनी रंगेल म्हातारा असा रंगविला की लोक चकित झाले. ‘अर्जुन’ (१९८५) मध्ये मालवणकर नावाच्या मुंबईकर कुटुंबातील खचलेला पिता त्यांनी उभा केला. बेकारीने चिडलेल्या त्या पिढीच्या पोरांना आपला बाप त्यात दिसला.

मराठी माणसाला येथे निळू फुले यांची आठवण होईल. पुण्यात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला हा नट पडद्यावर खलनायक म्हणून गाजला आणि प्रत्यक्षात चळवळीचा कार्यकर्ता राहिला. हंगल यांच्या वाट्याला सज्जनांच्या भूमिका आल्या, फुल्यांच्या वाट्याला दुर्जनांच्या. पण दोघांचा पिंड एकच : आधी श्रम, मग चळवळ, त्यातून रंगभूमी आणि शेवटी चित्रपट. अभिनयाचे शिक्षण या क्रमाने घेतलेले नट पुढच्या पिढीत दुर्मीळ झाले, ही नुसत्या चित्रपटाची हानी नव्हे.

आता १९९३ सालाकडे वळले पाहिजे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई दंगलींनी होरपळली. १२ मार्च रोजी बॉम्बस्फोट झाले. हंगल यांनी आपली जन्मभूमी पुन्हा पाहावी म्हणून पाकिस्तानच्या वकिलातीकडे व्हिसा मागितला होता आणि तेथील पाकिस्तान दिनाच्या समारंभास ते हजर राहिले. शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनी त्यांच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवून बहिष्काराचा आदेश दिला. ज्याने स्वातंत्र्यलढ्यात तरुणपण घातले आणि पाकिस्तानच्याच तुरुंगात दोन वर्षे काढली, त्याला देशभक्तीचे प्रमाणपत्र मागितले गेले.

बहिष्काराचा आदेश देणाऱ्यापेक्षा तो पाळणाऱ्यांचे वर्तन अधिक विचार करण्यासारखे आहे. निर्मात्यांनी त्यांना कामे देणे बंद केले. तयार चित्रपटांतून त्यांची दृश्ये कापली गेली. ‘शोले’ मधील गावकऱ्यांची भीती इमामसाहेबांच्या एका वाक्याने ओसरली होती. खऱ्या मुंबईतील कोट्यधीश निर्मात्यांची भीती ओसरण्यास सुमारे दोन वर्षे लागली. नायकाचे दृश्य कापता येत नाही, कारण त्यात पैसा अडकलेला असतो. चरित्र अभिनेत्याचे कापता येते. बहिष्कार सर्वांत आधी त्यालाच का बाधतो, याचे उत्तर विचारसरणीइतकेच धंद्याच्या रचनेतही आहे. हंगल यांनी मात्र जन्मगाव पाहण्याची इच्छा हा गुन्हा असल्याचे कधी मान्य केले नाही.

उत्तरायुष्यात त्यांनी चित्रपटाबरोबर दूरचित्रवाणीवरही काम केले. गोविंद निहलानींची ‘तमस’ १९८८ साली दूरदर्शनवर झाली, तिच्यात ते होते. नव्वदीच्या दशकात ‘चंद्रकांता’ सारख्या मालिकेतही ते दिसले. ‘लगान’ (२००१) मधील शंभूकाका करताना पाठीला दुखापत झाली असतानाही त्यांनी कच्छमधील चित्रीकरण पुरे केले. २००६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आणि २०११ च्या आरंभी बातमी आली ती औषधोपचारालाही पैसे नसल्याची. चित्रपटसृष्टीतील काही मंडळींनी मदत केली. त्याच वर्षी चाकांच्या खुर्चीतून ते एका वेषभूषेच्या प्रदर्शनात मंचावर आले. २०१२ साली ‘मधुबाला’ या मालिकेत त्यांनी छोटे काम केले, तेही खुर्चीत बसूनच. २६ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत बड्या ताऱ्यांची अनुपस्थिती वृत्तपत्रांनी नोंदविली.

या अखेरीबद्दल हळहळण्याने काही साधत नाही. तिची कारणे पाहिली पाहिजेत. चरित्र अभिनेत्याला दिवसाप्रमाणे किंवा चित्रपटागणिक ठोक रक्कम मिळते. ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला. मग तो व्हिडिओ फितीवर, दूरचित्रवाणीवर, शेवटी खिशातल्या दूरध्वनीवर पोहोचला. प्रत्येक टप्प्यावर कोणाला तरी उत्पन्न मिळाले. ज्याचा चेहरा आणि आवाज विकला जात होता, त्याचा त्या उत्पन्नात हिस्सा नव्हता.

कायदे झाले नाहीत असे नाही. १९८१ च्या सिने-कामगार कायद्याने लेखी करार सक्तीचा केला आणि तीन चित्रपटांत काम केलेल्यास भविष्यनिर्वाह निधीचा हक्क दिला. परंतु मासिक १,६०० रुपये किंवा ठोक १५,००० रुपये यांहून अधिक मिळविणारा कलावंत मूळ कायद्याच्या व्याख्येतून वगळला गेला. म्हणजे ताऱ्याला कायद्याची गरज नाही आणि मधल्या नटाला कायद्यात जागा नाही. संसदेने २०२० साली संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने तो कायदा पोटात घेऊन ‘दृक्‌श्राव्य कामगार’ हा व्यापक शब्द आणला. कोणताही शब्द संघटनेच्या बळावाचून कागदावरच राहतो, हा कामगार चळवळीचा अनुभव आहे. २०१२ च्या स्वामित्वहक्क दुरुस्तीने सादरकर्त्या कलावंताचा स्वामित्वधनावरील अधिकार मान्य केला. ती २१ जून २०१२ रोजी अमलात आली, हंगल यांच्या मृत्यूच्या दोन महिने आधी. पुढे गायकांनी संघटना उभारून या दुरुस्तीचा उपयोग करून घेतला. नटांना अजून तेवढे जमलेले नाही, कारण नटांमधील तारे आणि बाकीचे यांचे हितसंबंध एक नाहीत. तारा नफ्यात वाटा घेऊनच करार करतो. मग इतरांसाठी त्याने भांडावे का?

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक पुनर्प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील ठराविक अंश, मानधनाची मर्यादा न घालता, त्या चित्रपटातील सर्व कलावंत-तंत्रज्ञांच्या निधीत जमा व्हावा. वृद्ध कलावंतांचे निवृत्तिवेतन हा दानाचा विषय न राहता हक्काचा व्हावा. आणि कोणत्याही सेनेच्या वा संघटनेच्या आदेशावरून एखाद्याचे काम तोडणाऱ्या निर्मात्याला करारभंगाची भरपाई द्यावी लागावी. यांतील शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. ज्याला उद्याच्या कामाची शाश्वती नाही, त्याला निर्भयपणे बोलण्याचे स्वातंत्र्य नावापुरतेच असते.

हंगल यांनी ते स्वातंत्र्य शाश्वतीवाचून वापरले. पेशावर, कराची आणि मुंबई या तिन्ही शहरांत त्याची किंमत त्यांनी मोजली. तशी किंमत पुढच्या नटाला मोजावी लागू नये, एवढी व्यवस्था उभी करण्याचे काम शिल्लक आहे, आणि ते चित्रपटसृष्टीतील संघटनांइतकेच बाहेरच्या कामगार चळवळीचेही आहे.